टँकच्या पोटाखालचा उजेड

मी ब्रह्मपुरीत ब्यूटी पार्लर चालवते. नवऱ्या मुली नटवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जेव्हा म्हणेन की टँकवर ऊन कसं पाडायचं हे मला कळतं, तेव्हा कोणी फिदीफिदी हसू नये. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या घरीही हसले होते.

टँक म्हणजे खरा नाही. वीत-दीड वीत लांबीचा, प्लास्टिकचा, तुकडे जोडून बनवायचा. पण ज्याच्यासाठी बनवला तो माणूस खऱ्या टँकमधला. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, फौजेत टँकचे ड्रायव्हर होते. राजस्थानच्या वाळूत त्यांनी पंधरा वर्षं टँक चालवला आणि घरी परतल्यावर त्याबद्दल पंधरा वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. आले, धानाच्या बांधीत उतरले आणि जणू जन्मापासून चिखलातच आहेत असे राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, फौजी माणूस, आता काय काय गोष्टी ऐकायला मिळतील. कसल्या गोष्टी. भाजीत मीठ कमी आहे, एवढंही हा माणूस दोन दिवसांनी सांगतो.

मागच्या वर्षी धान कापणीच्या सुमारास ते माझ्याकडे वाकडं पाहू लागले. अगदी खरंच वाकडं. मी समोर उभी राहून बोलायची आणि हे तोंड दाराकडे वळवून ऐकायचे. मला वाटलं, पार्लरमध्ये बायांची गर्दी वाढली आहे, ते यांना खपत नाही, म्हणून नाक मुरडणं चाललंय. माझ्या नाकावर राग कायम बसलेलाच असतो, त्याला उठायला निमित्त लागत नाही. एक दिवस मी सरळ विचारलं, की मामाजी, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा, असं तोंड काय फिरवता. ते म्हणाले, समोर पाहिलं तर तू दिसत नाहीस, बाजूला पाहिलं की दिसतेस.

त्या दिवशी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला होता, समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. सुईनं औषध देऊ, त्यानं वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. किती दिवस राहील, असं मी विचारलं तर त्यांनी हात हलवला, म्हणजे ते कोणालाच सांगता येत नाही. मामाजी बसमध्ये खिडकीजवळ बसले, आणि भिवापूर गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"बाई, एक गोष्ट राहून गेली."

मला वाटलं, काशी म्हणतील, रामेश्वर म्हणतील. म्हातारी माणसं तेच म्हणतात. मी मनातल्या मनात रेल्वेचं रिझर्वेशनसुद्धा करून टाकलं.

"मले माही गाडी एक डाव पाहाची होती."

गाडी म्हणजे टँक. मग त्या तासाभरात त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर टँकच्या पुढच्या भागात, खाली, जवळजवळ लोळून बसतो. वरचं झाकण लावलं की त्याला तळहाताएवढ्या काचेतून समोरचं दिसतं, तेवढंच. टँक चालतो तेव्हा बाकी सगळी दुनिया त्याला पाहते, एक ड्रायव्हर सोडून. उभा असतो तेव्हा हा ग्रीस भरत असतो, पट्टा आवळत असतो, डोळ्यांसमोर नटबोल्ट. फोटो काढायची मनाई. म्हणाले, जिच्या पोटात पंधरा वर्षं बसलो, ती उन्हात उभी असताना कशी दिसते हे मी कधी निवांत पाहिलंच नाही. तेव्हा वाटलं, पाहू कधीतरी, कुठं जाते. आता डोळेच चालले.

हे ते रडगाणं गात नव्हते, हे सांगायला हवं. युरियाचं पोतं आणायचं राहिलं, अशा सुरात बोलत होते. रडत मी होते, पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून, तेही त्यांना न दिसता. किंवा मी बाजूला बसले होते म्हणून कदाचित दिसलंही असेल.

माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे. तिला फोनवर हे सांगितलं, तर आठवड्याच्या आत घरी खोकं हजर. त्यात मामाजी चालवायचे तोच टँक, टी-५५, शेकडो तुकड्यांत. चाकं वेगळी, पट्ट्याची एकेक कडी वेगळी, नखाच्या कडेएवढ्या कड्या. माझा नवरा मोटरपंप रिवाइंडिंग करतो. तांब्याच्या बारीक तारेशी खेळणारा हात, त्यानं दुपारचं दुकान बंद ठेवून, चिमट्यानं एकेक तुकडा लावून आठ दिवसांत टँक उभा केला. ते काम त्यानं फार सुरेख केलं, हे मी कबूल करते. पण पुढे त्यानं काय केलं, तर दुकानातला हिरव्या स्प्रेचा डबा उचलला, फुस्स केलं आणि झाला टँक, म्हणाला.

सकाळी ओट्यावर टँक ठेवला आणि मामाजींना बोलावलं. ते समोर बसले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, कोंबडी एका डोळ्यानं दाणा पाहते तसं पाहिलं.

"हिरवं हाय," म्हणाले.

नवऱ्यानं विचारलं, आणखी?

"आणखी काही नाई. हिरवं काहीतरी हाय."

आणि उठून आत गेले. नवऱ्याचं तोंड इवलंसं झालं. मला त्याची दया यायला हवी होती, पण आला राग. आणि राग यासाठी आला की मला लगेच कळलं होतं काय चुकलं ते, आणि ते आधी सांगायची बुद्धी मला झाली नव्हती.

पाहा, एखाद्या पोरीच्या चेहऱ्यावर नुसता एकच बेस थापला आणि फ्लॅशमध्ये उभं केलं, तर फोटोत काय येतं? परात येते. नाक नाही, गाल नाही, हनुवटी नाही. नाक उभं दिसायचं असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना थोडा अंधार लावावा लागतो, शेंड्यावर उजेड लावावा लागतो, आणि अंधार कुठं संपला नि उजेड कुठं सुरू झाला हे कोणाला कळता कामा नये. तीच तर आमची भाकरी. खरा टँक घराएवढा. त्याच्यावर ऊन पडलं की सावल्या आपोआप पडतात. पण वीतभर टँकवर सूर्य तेवढी मेहनत घेत नाही. त्याच्यावर सावलीही आपणच रंगवायची, ऊनही आपणच रंगवायचं. आणि चांगल्या डोळ्यांना जे कमी रंगात चालतं ते मामाजींच्या डोळ्यांना चालणार नव्हतं. त्यांना कड न् कड वेगळी करून द्यावी लागणार होती. नाहीतर हिरवं काहीतरी.

मी नवऱ्याला म्हटलं, सरका. टँक उचलला आणि पार्लरमध्ये नेला.

माझ्याकडे एअरब्रश आहे. पेनासारखी बारीक पिचकारी, तिला छोटा कंप्रेसर. आजकालच्या नवऱ्या मुलींना हातानं लावलेला मेकअप नको असतो, फवारलेला हवा असतो, म्हणून घेतला होता. त्यातून फाउंडेशन काय नि टँकचा रंग काय, पातळ केलं की सगळं फवारता येतं. कसं करायचं ते मोबाईलवर पाहिलं. एक दाढीवाला परदेशी माणूस टँक रंगवत होता. त्याची भाषा मला ओ की ठो कळेना, म्हणून आवाज बंद केला आणि त्याचं मनगट पाहत बसले. पाच मिनिटांत मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अहो, तो माझंच काम करत होता. आधी सगळीकडे काळा बेस. त्यावर गडद हिरवा, पण सांदीकोपऱ्यातला काळा तसाच ठेवून. मग त्याच हिरव्यात थोडा पिवळा, थोडा पांढरा मिसळून मधल्या भागावर. मग आणखी फिका, आणखी वर, आणखी थोड्या जागेवर. मनगट तेच, अंतर तेच, श्वास धरणंही तेच. दुनियेच्या त्या टोकाला एक दाढीवाला नि या टोकाला मी.

दुसऱ्या दिवशी टँक पूर्ण काळा केला. मामाजी पार्लरच्या दारातून जाताना त्यांना काळं काहीतरी दिसलं असावं. म्हणाले, "जाळून टाकली काय वं?" हा त्यांचा विनोद. वर्षातून एक करतात.

मग मी हिरव्याला लागले. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असतो, त्यांच्या पाठीमागे फवारून रंग तपासायचे. एका पाठोपाठ एक सात हिरवे तयार केले, शेवाळापासून ते पोपटाच्या पिसापर्यंत. सात म्हणजे सात, मोजून. टँकचं वरचं गोल डोकं, ज्यातून तोफ निघते, ते सुटं निघतं, आणि उपड्या पातेल्यासारखं असतं. खालच्या कडेला सगळ्यांत गडद, वर चढत चढत फिका. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा द्यायचा. थर इतका पातळ की दिला की नाही दिला, शंका यावी. पहिल्या चार थरांपर्यंत काही होत नाही. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू. पाचव्या थराला मी फवारा बाजूला घेतला, पाहिलं, आणि ते प्लास्टिक गोल झालं.

म्हणजे होतं ते गोलच. पण आता ते गोल दिसलं. जड दिसलं. हे उचलायला गेलं तर दोन माणसं लागतील, असं वाटलं, आणि ते माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत होतं. मी आजवर कितीतरी मुली नटवल्या, पण मुलीला देवानं दिलेलं नाक असतं, मी फक्त त्याला चार शब्द चांगले बोलते. इथं तर काहीच नव्हतं. बाटलीतला रंग नि हवा. त्यातून लोखंड झालं. मी एकटीच होते पार्लरमध्ये, आणि खरं सांगते, मी हात जोडले. कोणाला ते ठाऊक नाही.

मग दाढीवाल्याकडे पाहून तपकिरी रंगाचं पाणी केलं, पातळ, चहाच्या चोथ्यातून दुसऱ्यांदा काढावं तसं. ब्रशचं टोक एका बोल्टला टेकवलं की ते पाणी आपलं आपण सांदीतून पळत जातं, बोल्टभोवती रिंगण करतं नि थांबतं. शिकवावं लागत नाही. मी तासन् तास बोल्टांना पाणी पाजत बसले. गंजासाठी आयशॅडोचा तपकिरी रंग घेतला, धुळीसाठी जुन्या कॉम्पॅक्टची पावडर. नवरा येऊन पाहून गेला आणि म्हणाला, आपल्या लग्नात तुझ्यावर एवढी मेहनत कोणी घेतली नव्हती. मी म्हटलं, तुम्हाला फिक्या उजेडात पटवलं, तेवढं पुरलं.

खालचा भाग, म्हणजे टँकचं पोट, चाकांची खालची बाजू, ती मी गडद ठेवली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. गळ्याखाली, हनुवटीखाली आम्ही नेहमी गडदच लावतो. आणि माझं माहेर मोहर्लीच्या अलीकडचं, जंगलाला लागून. तिथं लहानपणापासून जे पाहिलं ते असंच. ऊन वरून येतं, सागाच्या पानांतून गाळून गाळून, आणि जमिनीपर्यंत पोचता पोचता संपतं. म्हशीची पाठ चमकते आणि पोट कुठं संपलं ते कळत नाही. बैलबंडीच्या खाली दिवसा विळा पडला तर हातानं चाचपून शोधावा लागतो. दिव्याखाली अंधार, बंडीखाली अंधार, तर टँकखाली अंधारच असणार ना.

पंधरा दिवसांनी सकाळी दहाच्या उन्हात टँक पुन्हा ओट्यावर ठेवला. मामाजी बसले. मान वळवली. या वेळी बराच वेळ गेला.

"टरेट," म्हणाले, म्हणजे ते वरचं गोल डोकं. मग बोट न लावता, हवेतच दाखवत, "हे टरेट. हे तोफ. हे माहं झाकण." मग हसले. मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पहिल्यांदा पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं तर तो मोबाईलमध्ये काहीतरी शोधतोय असं दाखवत होता. मी तर हवेतच होते. तेवढ्यात मामाजी पुढे वाकले, मान या बाजूला, त्या बाजूला.

"पण अर्धीच हाय. खालची कुठी गेली?"

मी म्हटलं, मामाजी, आहे ना खाली, सावलीत आहे. पोट आहे, चाकं आहेत.

"सावलीत काऊन?"

आता याला काय उत्तर देणार? खालचं आहे म्हणून सावलीत. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की ऊन वरून येते, मामाजी.

त्यावर ते जे बोलले, ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यानं माझी वीस वर्षांची विद्या जमिनीवर आणली.

"वाळूत ऊन खालूनबी येते, बाई. मी गाडीच्या खाली निजून घरची चिठ्ठी वाचत होतो."

त्यांनी सांगितलं, की दुपारी बाहेर पाय ठेवता येत नसे. टँकच्या आत भट्टी. मग सगळे टँकखाली शिरायचे. आणि तिथं अंधार नसायचा. चारी बाजूंनी वाळूवर पडलेलं ऊन उसळून खाली शिरायचं, वर टँकच्या पोटाला लागायचं. पोटाचा एकेक बोल्ट मोजता यायचा. सासूबाई लिहायच्या पेन्सिलीनं, अक्षर बारीक, तेही वाचता यायचं. मी विचारलं, कसा असायचा तो उजेड, पांढरा? ते म्हणाले, नाही, वरणाच्या वरच्या पाण्यावानी. मी विचारलं, मग अंधार कुठं असायचा? कुठंतरी तर असेल. त्यांनी डोळे मिटले. मधोमध, म्हणाले. चाकांच्या वर पत्र्याचा पंखा, म्हणजे मडगार्ड, असतो, त्याच्या खालच्या सांदीत. तिथं ना वरचं ऊन पोचे, ना खालचं.

चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. डोळ्यांचा मधला भाग झिजून गेला. आणि या माणसाला ठाऊक होतं की अंधार नक्की कोणत्या सांदीत होता. ज्या टँकला आपण कधी पाहिलंच नाही म्हणत होते, त्याला त्यांनी उताणं पडून, खालून, पूर्ण पाहिलेलं होतं. मी लोकांच्या चेहऱ्यावर उजेड लावून पोट भरते आणि मला कधी सुचलं नाही की जमीनसुद्धा उजेड देते. आमच्याकडची जमीन देत नाही, बस एवढंच. दिव्याखाली अंधार, ही म्हण वाळवंटातल्या माणसानं केलेली नसणार.

टँक पुन्हा आत नेला.

आता मात्र घाई होती. त्या आठवड्यात मामाजींनी चहा कपाच्या बाहेर ओतला. दारात शेजारचा माणूस उभा राहिला, रोज येणारा, तर त्याला कोण आहे म्हणून विचारलं. हा टँक त्यांच्या डोळ्यांआधी व्हायला हवा होता, आणि डोळे थांबायला तयार नव्हते. त्यात लग्नसराई. सकाळी एक मुलगी, संध्याकाळी दुसरी. चिमूरच्या एका मुलीची आई गाडी घेऊन न्यायला आली, तर मी जमणार नाही म्हटलं. बाई म्हणाली, तुमच्याकडे काय दुसरं मोठं काम आहे का. मी म्हटलं, हो, एका टँकचं पोट राहिलंय. ती माझ्याकडे असं काही पाहून गेली, की अजून चिमूरमध्ये सांगत असेल.

टँक उपडा केला. सगळी विद्या उलटी करायची होती. वरणाच्या वरच्या पाण्याचा रंग पत्रिकांच्या मागे तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. मी मामाजींना हाक मारून विचारलं नाही. मीच डाळ शिजवली, वाटीत वरचं पाणी काढलं आणि खिडकीशी धरून पाहिलं. मग पिचकारी खालून धरून, पोटाला तो उजेड लावत गेले. खाली दाट, वर जाता जाता विरळ. चाकांच्या खालच्या कडा फिक्या, मध्ये मळकट, वर पंख्याच्या सांदीत मिट्ट काळं. एकेक चाक वेगळं. दोन्ही बाजूंना पाच-पाच चाकं. श्वास धरायचा, फवारायचं, श्वास सोडायचा. मध्येच फोन वाजायचा, कोणाचा पदर, कोणाचा अंबाडा. बोलायची नि परत टँककडे. शेवटी उलटा टँक सुलटा केला आणि मी मागे सरकले.

कसं सांगू. टेबल तेच होतं, लाकडी, डाग पडलेलं. पण टँकच्या खाली वाळू आहे असं वाटत होतं. नव्हती, पण होती. खालून आलेला उजेड दिसत होता, म्हणजे तो जिथून आला ती वाळूही दिसत होती, तापलेली, दूरपर्यंत. मी कधी राजस्थान पाहिलं नाही. वैनगंगेच्या पात्रातली वाळू तेवढी पाहिली. पण त्या दुपारी माझ्या पार्लरमध्ये इतकं ऊन होतं की मी खरंच डोळे बारीक केले. नवरा आला, दारातच थांबला, आणि चप्पल काढून आत आला. तो पार्लरमध्ये कधी चप्पल काढत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, ओटा, ऊन, मामाजी. मी टँक उजवी बाजू त्यांच्याकडे करून ठेवला. त्यांनी मान वळवली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी. काही बदल नाही. मान दुसरीकडे. काही नाही. मग थोडे मागे सरले, परत पुढे आले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चांगली झाली, बाई."

हे वाक्य मी चांगलं ओळखते. मेकअप न आवडलेली मुलगी हेच म्हणते, आणि आरसा खाली ठेवते. न दिसणाराही हेच म्हणणार. माझं मन राखावं म्हणून म्हणणार. मला वाटलं, चुकलं. चार दिवस उशीर झाला. चिमूरवालीच्या आधी त्या दोन मुली घेतल्या, त्याही घ्यायला नको होत्या. मी टँक उचलायला हात पुढे केला.

"थांब," म्हणाले. "समोरून मोज. चौथ्या चाकाले खालून ऊन नाई लावलं तू."

मी खाली बसले. मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथं चाक खालून काळं होतं. फोन आला होता तेव्हा राहिलं असणार. मी रात्री पाहिलं, सकाळी पाहिलं, नवऱ्यानं पाहिलं, आम्हा दोघांच्या चार धडधाकट डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

माझ्या कामात कोणी खोट काढली तर माझं डोकं फिरतं, हे सगळ्या ब्रह्मपुरीला ठाऊक आहे. त्या दिवशी मी ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. मामाजी घाबरले. एका चाकासाठी एवढं काय, आता लावून टाक, म्हणत राहिले. नवऱ्याला बोलावू लागले. मी पदर तोंडाला लावून म्हटलं, नाही लावत.

आणि नाही लावलं. ते चाक अजून तसंच आहे. रोज सकाळी दहा वाजता मी टँक ओट्यावर ठेवते. कधी उजवी बाजू त्यांच्याकडे करते, कधी डावी. सांगत नाही कोणती ते. ते काऊन म्हणून विचारत नाहीत, त्यांना सगळं समजतं. खुर्ची ओढतात, मान वळवतात आणि पाहतात. डावी बाजू असली की म्हणतात, आज सगळे चाकं बरोबर हायेत. उजवी असली की चाक सांगतात.

आज उजवी होती. त्यांना वेळ लागला. मान दोनदा फिरवली, खुर्ची पुढे ओढली, परत फिरवली. आत कोणी मुलगी येऊन बसली होती, हाका मारत होती. मी हलले नाही.

"चौथं," म्हणाले.